घळीच्या तोंडाशी बांध

पाऊस थांबून एक रात्र उलटली आहे. तुम्ही एका अरुंद घळीच्या तोंडाशी उभे आहात. काल जिथे वाट होती तिथे आज पोटरीपर्यंत तांबूस गाळ साचला आहे. त्यात मेलेल्या शेळ्या, मुळासकट उपटलेली झुडुपे, फुटकी पखाल आणि डोक्याएवढे गोटे रुतले आहेत. वर आकाश निळेशार. हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत.

इसवी सनाचे पहिले शतक सुरू होऊन थोडीच वर्षे झाली आहेत. या शहराला इथले नबातियन लोक रक्मू म्हणतात, ग्रीक लोक पेट्रा म्हणतात. मृत समुद्र आणि अकाबाचे आखात यांच्या मधल्या डोंगरांत, म्हणजे आजच्या जॉर्डनच्या दक्षिण भागात, ते दडलेले आहे. गादीवर चौथा अरेटस आहे. प्रजेवर प्रेम करणारा राजा अशी बिरुदावली तो आपल्या नाण्यांवर कोरून घेतो, आणि कालच्या लोंढ्यानंतर ती बिरुदावली खरी करून दाखवायची वेळ आली आहे.

मागे वळून बघा. उंटांची लांबच लांब रांग खोळंबली आहे. हा तांडा तांबड्या समुद्राकाठच्या ल्यूकी कोमे बंदरातून आला आहे. याच शतकात एक ग्रीक भाषक दर्यावर्दी तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवणार आहे. 'पेरिप्लस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या पुस्तकात ल्यूकी कोमेहून पेट्राला जाणाऱ्या वाटेची नोंद आहे, आणि पुढे काही पानांवर भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचीही. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला येते, असे तो लिहितो. ज्या समुद्री व्यापारावर आपली सातवाहनांची गावे पोसली जात होती, त्याचेच दुसरे टोक या घळीतून शहरात शिरते. आज ते टोक चिखलाने बुजले आहे.

घळीचे नाव सीक. लांबी सुमारे 1.2 किलोमीटर. काही ठिकाणी रुंदी जेमतेम तीन मीटर, आणि दोन्ही बाजूंच्या वाळूच्या दगडाच्या भिंती इतक्या उंच की मान मोडेपर्यंत वर पाहिले तरी आकाशाची एक पट्टीच दिसते. शत्रूला अडवायला याहून चांगला दरवाजा नाही. पण याच दरवाजातून वादी मूसा नावाचा ओढाही पूर्वी शहरात यायचा, आणि अजूनही त्याला तिकडेच जायचे असते.

या भागात वर्षभरात पडणारा पाऊस दीडशे ते दोनशे मिलिमीटर. मुंबईत जुलैच्या एखाद्या वाईट दिवशी याहून जास्त पडतो. पण इथला पाऊस वर्षभर वाटून पडत नाही. शरद आणि वसंत ऋतूत तांबड्या समुद्राकडून ओलसर हवेचा पट्टा वर सरकतो आणि एखाद्या दुपारी तासा-दोन तासांत निम्मा वर्षाव करून मोकळा होतो. डोंगर उघडेबोडके. माती असलीच तर तिच्यावर उन्हाने कडक पापुद्रा धरलेला. पाणी मुरत नाही, घसरते. दहा ओहोळ एका नाल्यात, दहा नाले एका ओढ्यात, आणि तो ओढा तीन मीटर रुंदीच्या फटीत. शहरातल्या माणसाच्या डोक्यावर एक थेंब पडलेला नसतो आणि वरून भिंतीसारखे पाणी येते. वाळवंटात तहानेने माणसे मरतात हे सगळ्यांना ठाऊक असते. बुडूनही मरतात, हे इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते.

"पाहुणे, बाजूला व्हा," मागून आवाज येतो. हा कामावरचा मुकादम. पन्नाशीचा, हाताला चुन्याने भेगा पडलेल्या. त्याच्यामागे पाथरवट, गवंडी आणि गाळ उपसणारी पोरे. त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नाही, पण त्याच्या मागोमाग चालायला त्याची हरकत नाही. चला.

तो आधी सीकमध्ये शिरतच नाही. उजवीकडे वळतो. तिथे डोंगराच्या पोटात एक बोगदा आहे, घोडेस्वार मान न वाकवता आत जाईल एवढा. लांबी सुमारे 88 मीटर. आत पाऊल टाकताच गारवा अंगावर येतो. मशालीच्या उजेडात भिंतीवरचे छिन्नीचे तिरपे घाव एकामागून एक दिसतात, हजारोंनी. प्रत्येक घाव म्हणजे एका माणसाने एकदा मारलेला हातोडा. पलीकडच्या तोंडाशी बाहेर पडलात की दुसरी घळ लागते, अल-मुझ्लिम. ती पुढे वादी मताहाला मिळते, आणि पाणी अल-खुब्था डोंगराला उत्तरेकडून वळसा घालून, सीकला टाळून, शहराच्या मध्यभागी आपल्या जुन्या पात्रात परत येते. तिथवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो आणि काठाला बांधीव भिंती असतात.

नबातियन अभियंत्यांनी ओढा अडवला नाही, त्याला वेगळी वाट दिली. अडवायला गेले असते तर भिंत कितीही जाड बांधली तरी एखाद्या वर्षी ती फुटलीच असती आणि साठलेले सगळे पाणी एकदम शहरावर कोसळले असते. सीकच्या तोंडाशी जो बांध आहे त्याचे काम तळे करण्याचे नाही. लोंढ्याला खांदा देऊन बोगद्याकडे ढकलायचे, एवढेच. माझ्या मते पेट्रातल्या कोरीव दर्शनी भागांपेक्षा मोठी करामत ही आहे. एका अख्ख्या ओढ्याचा रस्ता बदलण्याइतका धीर आणि हिशेब त्यांच्यापाशी होता.

काल मात्र बोगद्याच्या तोंडाशी झुडुपे आणि फांद्या अडकल्या, पाणी तुंबले आणि बांधाच्या माथ्यावरून सीकमध्ये पडले. मुकादम फांद्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून पोरांवर ओरडतो. साफसफाई पावसाळ्याआधी व्हायला हवी होती. मग खाली बसून तो बांधाचे दगड हाताने चाचपतो. वरचे दोन थर निघून गेले आहेत, खालचे मूळ खडकाला धरून आहेत. पाया कातळापर्यंत नेला होता म्हणून बांध वाचला. तो उठतो आणि माणसे वाटून देतो. अर्धी बोगद्यात, काही चुन्याच्या घाणीवर, उरलेली सीकमध्ये.

तुम्ही सीकमध्ये जा. पायाखाली चुनखडीच्या फरश्या बसवलेल्या आहेत. पोरे गाळ उपसतात तशा त्या एकेक उघड्या पडतात. उजव्या भिंतीत, हात पोचेल अशा उंचीवर, खापराच्या नळांची ओळ चुन्यात बसवलेली आहे. डाव्या भिंतीत कातळातच पन्हळ कोरली आहे. दोन्हींतून शहराला पिण्याचे पाणी जाते, शहराबाहेरच्या ऐन मूसा झऱ्याचे. खापराच्या नळाचा उतार गवंड्यांनी असा धरला आहे की पाणी नळ पूर्ण भरून वाहत नाही, वर थोडी हवा राहते. भरून वाहिले असते तर दाबाने सांधे उखडले असते. चार्ल्स ऑर्टलॉफ या आपल्या काळातल्या अभियंत्याने गणित मांडून हा उतार किती नेमका साधला होता ते दाखवले. या गवंड्यांकडे त्याचे गणित नव्हते. त्यांच्याकडे पाण्याची पातळी, ओळंबा आणि फुटलेल्या नळांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

आता भिंतींकडे नीट बघा. सीकला दोन्हीकडून लहान लहान फटी येऊन मिळतात. पाऊस पडला की त्या प्रत्येक फटीतून धबधबा उडी घेतो. म्हणून प्रत्येक फटीच्या तोंडाला दगडी आडवी भिंत आहे, काही पुरुषभर, काही त्याहून उंच. मोठा बांध मोठ्या ओढ्यासाठी, आणि या चिमुकल्या भिंती घरच्या भेद्यांसाठी. आणखी वर, डोंगरांवर, उतारांना ताली घातल्या आहेत आणि ओहोळांत दगडांचे अडसर रचले आहेत. तिथे गहू, द्राक्षे, जैतून पिकते. पण शेतकऱ्याची प्रत्येक ताल म्हणजे शहराच्या बाजूने उभा असलेला एक पहारेकरी. थांबवलेला प्रत्येक घडा खाली लोंढ्यातून वजा होतो. बांध, बोगदा, फटींच्या भिंती आणि ताली ही एकाच कामाची अंगे आहेत. त्यातले एक ढिले पडले की दुसऱ्यावर भार येतो.

सीक संपते आणि समोर अचानक ऊन. कोरीव खांबांचा तो प्रचंड दर्शनी भाग, ज्याला पुढे लोक 'खजिना' म्हणतील. आज त्याच्याकडे बघायला थांबू नका, पुढे चला. मोठ्या मंदिराच्या शेजारी एक तलाव आहे, सुमारे 43 मीटर लांब आणि 23 मीटर रुंद, मध्ये बेटावर मंडप, भोवती बाग. दूरच्या देशांतले व्यापारी वाळवंट तुडवून येतात आणि इथे पाण्यात पडलेली मंडपाची सावली बघून गप्प होतात.

हेच नबातियन लोक तीनशे वर्षांपूर्वी घरेसुद्धा बांधत नसत. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने लिहिले आहे की नबातियनांत घर बांधणे, धान्य पेरणे, फळझाड लावणे आणि दारू पिणे या गोष्टींना देहान्ताची शिक्षा होती. स्थावर मालमत्ता असलेल्या माणसाला सत्ताधीश वाकवू शकतात, असे त्यांना वाटे. त्यांची एकच मालमत्ता होती: जमिनीखाली खोदलेली टाकी. तोंड लहान, आत प्रशस्त पोकळी, आतून चुन्याचा गिलावा, आणि खुणा फक्त त्यांनाच माहीत. शत्रू आला की ते वाळवंटात पसार होत आणि शत्रू तहानेने परत फिरे. ज्यांनी आधी थेंब लपवायला शिकून घेतले, त्यांनाच पुढे लोंढा वळवता आला. गिलाव्याचा चुना तोच, हातही त्यांच्याच वंशातले.

मुकादमाचा निरोप घ्या. संध्याकाळपर्यंत तांडा आत येईल.

आता काळ भराभर सरकू द्या. 106 साली रोम नबातियनांचे राज्य गिळंकृत करते. नळ चालू राहतात. पण मालाच्या वाटा हळूहळू बदलतात. काही माल थेट इजिप्तच्या बंदरांत उतरतो, काही उत्तरेकडे पाल्मायराला जातो. जकात आटली की पाथरवटांची मजुरी आटते.

19 मे 363. रात्र. जमीन हलते आणि शहराचा मोठा भाग कोसळतो. तुम्ही सकाळी सीकमध्ये आलात तर खापराचे नळ जागोजागी तुटलेले दिसतील. पण शहर त्या दिवशी संपत नाही. सहाव्या शतकातले जळालेले पपायरसचे गुंडाळे 1993 मध्ये पेट्राच्या एका चर्चमध्ये सापडले. त्यांत जमिनी, वारसा आणि कर यांचे व्यवहार आहेत. म्हणजे भूकंपानंतर दोनशे वर्षांनीही माणसे इथे शेते वाटून घेत होती. फक्त, पुढे कधीतरी बोगद्याच्या तोंडाशी पावसाळ्याआधी पोरे पाठवणारा मुकादम राहिला नाही. त्यासाठी लागते ते शहर, तिजोरी आणि हुकूम काढणारे कोणीतरी. ते गेल्यावर बांध एका रात्रीत कोसळायची गरज नसते.

शतके सरतात. प्रत्येक मोठ्या पावसात थोडा गाळ. 'खजिन्या'समोरची जमीन वर चढत जाते. जुन्या थडग्यांची दारे पूर्ण बुजतात. 2003 मध्ये जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्याने तिथे खणले तेव्हा आजच्या जमिनीच्या खाली कित्येक फुटांवर त्या थडग्यांचे दर्शनी भाग निघाले. वर्षानुवर्षे पर्यटक ज्या वाळूवर उभे राहून माना वर करत होते ती वाळू लोंढ्यांनीच आणून टाकलेली होती.

ऑगस्ट 1812. फेटा बांधलेला एक परदेशी माणूस हारूनच्या दर्ग्याला शेळी बळी द्यायची आहे असे सांगून वाटाड्याबरोबर सीकमधून जातो. तो स्विस प्रवासी बुर्कहार्ट. युरोपला पेट्राचा ठावठिकाणा त्याच्यामुळे कळला. इथल्या बदूल बेदुइनांना मात्र ही जागा कधीच अनोळखी नव्हती. ते इथल्या गुहांत राहत होते, नबातियनांच्या टाक्या स्वच्छ करून त्यातलेच पाणी पीत होते. टाक्यांचे शहाणपण एका कुटुंबाला सांभाळता येते, म्हणून ते टिकले. बांधाचे टिकले नाही. बोगदा उघडा होता, पण ओढ्याला तिकडे वळवणारी भिंत उरली नव्हती. वादी मूसा आपल्या जुन्या वाटेने परत आली होती.

8 एप्रिल 1963. इथे थोडे थांबा. वसंत आहे, फिरायला उत्तम दिवस. सीकमध्ये फ्रेंच यात्रेकरूंचा एक गट चालला आहे. त्यांचे नेतृत्व करत आहेत आबे झाँ श्टाइनमान, बायबलचे नावाजलेले अभ्यासक. वर डोंगरांत पाऊस कोसळतो आहे. या भिंतींच्या मध्ये त्याचा पत्ता लागत नाही.

आधी एक आवाज येतो. वाऱ्याचा वाटतो, पण पान हलत नाही. मग पायाखालच्या वाळूत ओल दिसते, मग घोट्याएवढे पाणी, आणि कुणी काही बोलायच्या आत गोटे घेऊन येणारी तपकिरी भिंत. उजवीकडे भिंत, डावीकडे भिंत. पुढे धावले तरी पाणी जास्त वेगाने धावते. ज्यांना कातळाची एखादी कड सापडली आणि तिच्यावर चढता आले ते वाचले. वीसहून अधिक माणसे वाचली नाहीत. आबे श्टाइनमान त्यांच्यातच होते.

ज्या फरशीवर एकेकाळी पोरे गाळ उपसत होती तिच्यावर हे घडले. तो बोगदा, ज्याच्या भिंतींवर हजारो घाव आहेत, सीकच्या तोंडापासून काही पावलांवर होता.

या दुर्घटनेनंतर जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्याने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांना नवी योजना आखण्याची गरज पडली नाही. अभियंते घळीच्या तोंडाशी आले, गाळ उपसला, आणि जुन्या बांधाची जागा आणि त्यामागचा विचार त्यांना तिथेच सापडला. बोगदा मोकळा करण्यात आला. 1964 मध्ये त्याच जागी नवा बांध उभा राहिला आणि ओढा अनेक शतकांनी परत अल-मुझ्लिमच्या वाटेला लागला. सिमेंट नवे, आखणी त्या मुकादमाच्या काळातली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सीकमधला साचलेला भराव काढला गेला, तेव्हा फरश्या परत उजेडात आल्या आणि भिंतीवर कोरलेल्या उंटांचे आणि उंटवाल्याचे पायही वर आले. फटींच्या तोंडावरचे काही बंधारेही दुरुस्त झाले.

9 नोव्हेंबर 2018. तुम्ही आता आपल्या काळात आहात. जॉर्डनभर मुसळधार पाऊस. पेट्रा आणि वादी मूसा परिसरात काही ठिकाणी पाणी चार मीटरपर्यंत चढते. पण यावेळी इशारा वेळेवर पोचतो आणि साडेतीन हजारांहून अधिक पर्यटकांना बाहेर काढले जाते. डिसेंबर 2022 मध्येही पुरामुळे पेट्रा रिकामे करावे लागले.

बांध आहे, बोगदा आहे, इशाऱ्याची यंत्रणा आहे. तरी पाणी येते, आणि का येते हे बघायचे तर सीक सोडून वर चढायला हवे. तिथे ओढ्याच्याच नावाचे वादी मूसा गाव आता पर्यटनावर वाढले आहे. हॉटेले, डांबरी रस्ते, काँक्रीटच्या गच्च्या. गच्चीवर पडलेला थेंब मुरत नाही, सरळ ओढ्याकडे निघतो. नबातियनांच्या तालींपैकी पुष्कळ ढासळल्या आहेत, दगड विखुरले आहेत, त्यांच्यामागची माती वाहून गेली आहे. 1964 मध्ये खालचे अंग परत उभे राहिले. वरचे अंग अजून मोडलेलेच आहे, आणि ते उभे करायला काही नवे शोधावे लागत नाही. पडलेला दगड उचलून त्याच्या जागी ठेवायचा आहे, हजारो वेळा, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा. त्यासाठी मजुरी, शेतकरी आणि दर वर्षीची तरतूद लागते. पर्यटकांच्या तिकिटातून पेट्राला जो पैसा मिळतो त्याचा मोठा वाटा त्या उतारांवर जायला हवा, असे माझे ठाम मत आहे. 'खजिन्या'चे खांब जपायचा मार्ग तिथूनच सुरू होतो.

तुम्ही खरोखर पेट्राला जाणार असाल तर वसंत आणि शरद हेच तिथे हिंडायचे चांगले ऋतू आहेत, आणि अचानक येणाऱ्या पुराचेही हेच. निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघा. तुमच्या डोक्यावरच्या आकाशाचा नाही, पूर्वेकडच्या डोंगरांचा. पहारेकरी परत फिरा म्हणाला तर एकही फोटो न काढता फिरा, आणि पाण्याचा आवाज आला तर घळीत पळू नका, मिळेल त्या कडेवर चढा. सगळे जण सीकमध्ये शिरायची घाई करतात. तुम्ही आधी तोंडाशी थांबा, उजवीकडे वळा आणि तो बोगदा बघून घ्या.